बिनवासाचं मेण

१

मेणाची चोरी झाली तेव्हा मेण कपाटातच होतं. मामांचा गोंधळ इथूनच सुरू झाला, आणि पुढे त्याने त्यांची साथ एखाद्या जुन्या मित्रासारखी धरून ठेवली.

त्या सकाळी घरात एक छोटासा समारंभ व्हायचा होता. मामांची थोरली बहीण, म्हणजे आक्का, आज हातातलं वल्हं खाली ठेवणार होत्या. आक्का नाव चालवत नसत. त्या चेहऱ्याला लावायचं क्रीम करत. मधमाशीचं मेण आणि बदामाचं तेल गरम पाण्यावर ठेवलेल्या पातेल्यात वितळवायचं, दुसऱ्या भांड्यात टाकणखार घातलेलं पाणी तेवढंच गरम करायचं, ते धारेनं त्यात सोडायचं आणि पांढरंशुभ्र होऊन हात भरून येईपर्यंत घोटायचं. शेवटी गुलाबाचे थेंब. ज्या लाकडी पळीनं हे घोटायचं ती एवढी मोठी होती, की घरात सगळे तिला वल्हंच म्हणत. पुढे दुकान, मागे घोटखोली, वर राहतं घर. आणि हे सगळं गलबत त्या एका वल्ह्यावर इतकी वर्षं चाललं होतं. आज ते वल्हं धाकट्या सुनेच्या हातात जायचं होतं.

समारंभाआधी सगळ्यांनी चहा घेतला. चहाला करपलेल्या दुधाची चव होती. पण दूध आक्कांनी तापवलं होतं, तेव्हा ती चव चांगलीच असणार, असं समजून सगळ्यांनी कप रिकामे केले. मामांनी त्यावर उतारा म्हणून मध लावलेला पाव खाल्ला आणि त्यातला थोडा मिशीत राखून ठेवला.

मग आक्कांनी कमरेची किल्ली काढून घोटखोलीतलं कपाट उघडलं. आत लाकडी पाटावर मेणाचा गड्डा होता, उपड्या घमेल्याएवढा. मेणवाल्यानं थंडीच्या तोंडावर आणून दिलेला, खास आजच्यासाठी राखून ठेवलेला. आक्कांनी पाटासकट तो उचलला, नाकाशी नेला आणि टेबलावर ठेवला.

"हे माझं मेण नाही," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?" थोरल्या सुनेनं विचारलं.

"म्हणजे बदललंय कुणीतरी. वासच नाही याला. आणि हे पांढरं बघ वर, पीठ फासल्यासारखं. मेणबत्तीचं मेण आहे हे!"

गड्ड्यावर पांढुरकी भुकटी होती खरी. थोरलीनं वाकून वास घेतला. "खरंच की! कसलाच वास नाही."

आक्कांचा थोरला मुलगा, ज्याला बायको सोडून सगळे दादा म्हणत, त्यानं हुंगलं. "छे. काहीच नाही."

धाकटीनं बराच वेळ वास घेतला. आक्कांकडे पाहिलं. "नाही येत," ती म्हणाली.

मग मामांची पाळी आली. त्यांना मधाचा वास आला. त्यांनी पुन्हा हुंगलं, पुन्हा आला. पण मध मिशीतही होता, आणि समोर आक्का उभ्या होत्या. या घरात वास म्हणजे आक्कांच्या नाकाला जो येतो तो. बाकीची नाकं चष्मा टेकवण्यापुरती.

"हं," मामा म्हणाले. कोर्टात याला काही किंमत नसेल, पण त्या खोलीत ते मत मोजलं गेलं.

आक्का धाकटीकडे वळल्या. "तूच म्हणाली होतीस ना, हे गड्डे कशाला वागवायचे, पाकिटात दाणेदार मेण मिळतं म्हणून?"

"म्हणाले होते आई, पण ही वरची भुकटी जी आहे ना, ती—"

"कॉलेजात शिकवलेलं मला सांगू नकोस." आक्कांनी वल्हं पुन्हा खिळ्याला अडकवलं. "माझं मेण सापडेपर्यंत याला कुणी हात लावायचा नाही."

धाकटीचा नवरा बोटीवर नोकरीला होता, वर्षातले बरेच महिने पाण्यावर. ती या घरात राहिली होती ती या खोलीपायी. ती शांतपणे म्हणाली, "जिथे मला चोर म्हणतात तिथे मी नाही राहणार. संध्याकाळच्या गाडीनं माहेरी जाते."

"बाळ," आक्का मामांना म्हणाल्या. मामांचे केस सगळे पिकले होते, पण आक्कांच्या लेखी ते अजून दात येण्याच्या वयात होते. "तू जन्मभर हरवलेल्या वस्तू शोधल्यास. हीही शोध. ती जायच्या आत."

मामा बसडेपोच्या हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर नोकरीला होते. तिथे त्यांनी एकही वस्तू कधी शोधली नव्हती. छत्र्या, डबे, कवळ्या, एकदा तर एक लाकडी पाय, सगळं लोकच आणून देत. मामा फक्त सांभाळत. पण हे थोरल्या बहिणीला कसं सांगणार?

त्यांनी गंभीर चेहरा करून कुलूप तपासलं. कुलूप शाबूत होतं. किल्ली एकच, आक्कांच्या कमरेला.

"दुसरी किल्ली?" त्यांनी विचारलं.

"दुसरी कुणालाच माहीत नाही," आक्का म्हणाल्या. "कॅलेंडरच्या मागे असते."

"हो, कॅलेंडरच्या मागे," बाकीचे तिघे एका सुरात म्हणाले.

२

मामांनी आधी थोरलीला गाठलं. ती पुढे दुकानात बसत असे.

"मी कुणाबद्दल काही बोलणार नाही मामा," असं म्हणून ती धाकटीबद्दल बोलू लागली. धाकटी रात्री पुस्तकं वाचते. धाकटी मीठसुद्धा तराजूवर मोजून घालते. धाकटी घोटखोलीच्या दाराशी उभी राहते आणि विचारलं तर 'काही नाही' म्हणते. "आता काही नाही म्हणायला कुणी दाराशी उभं राहतं का?"

तेवढ्यात एक बाई क्रीमची डबी घेऊन आल्या. "अहो, हे हल्ली फार गुलाबी झालंय हो. लावून बसले की आमचे हे शिंकायला लागतात."

"आईंचं प्रमाण आहे ते," थोरली ताठ मानेनं म्हणाली. "पिढीजात."

"असेल बाई. पण काल खिडकीतून मधमाश्या आल्या माझ्या मागे."

बाई गेल्या. मामांनी या गोष्टीची मनात नोंद केली आणि तिचं काय करायचं ते न कळल्यामुळे तिथेच ठेवून दिली. खाली पाहताना त्यांना थोरलीच्या टाचा दिसल्या. दिवसभर अनवाणी वावरणाऱ्या बाईच्या टाचा अशा गुळगुळीत, की बघणाऱ्याचा डोळा घसरावा.

"मामा," ते उठले तशी थोरली म्हणाली, "तो गड्डा उलटाबिलटा करू नका हं. तडकतो म्हणतात."

मग दादा. दादा वरच्या मजल्यावर आपल्या टेबलाशी बसला होता. या घरातला प्रत्येक खण ओढला की दमेकऱ्यासारखा कण्हत असे. दादानं चष्म्यासाठी आपला खण ओढला. खण आवाज न करता अलगद बाहेर आला.

"माझा कुणावर संशय नाही," दादा म्हणाला. "पण आईला कपाटातलं कधी काही कळत नाही असं होत नाही. थंडीत ती पडशानं अंथरुणाला खिळली होती, तेव्हाच काय ते झालं असेल. महिनाभर खाली उतरली नव्हती."

"तेव्हा तू कुठे होतास?"

"मी?" दादा दचकला. "मी इथेच. म्हणजे तिथे नव्हतो. आणि मामा, तो गड्डा उचलू नका हां तुम्ही. पाठ धरेल."

मामा जिना उतरताना विचार करू लागले. नकली गड्ड्याची या लोकांना एवढी काळजी का? विचार करता करता ते एक पायरी चुकले, आणि विचारही तिथेच सुटला.

३

धाकटी बॅग भरत होती. मामा दाराशी घुटमळले.

"या मामा. झडती घ्यायची असेल तर घ्या. वरच्या साड्या चुरगळू नका फक्त."

"झडती कसली गं. मला एवढंच सांग, ती पांढरी भुकटी कसली? सकाळी तू सांगत होतीस."

धाकटीचे हात थांबले. "ती खऱ्या मेणालाच येते, मामा. थंडीत बरेच दिवस पडून राहिलं की आतून वर येते. साय धरावी तशी. जरा ऊब दिली की जाते. मेणबत्तीच्या मेणाला असं होत नाही. आईंच्या कपाटात मेण कधी एवढा काळ पडून राहिलंच नाही, आलं की महिन्यात संपायचं. म्हणून त्यांनी हे कधी पाहिलं नसेल."

"म्हणजे ते मेण खरं आहे?"

"भुकटीवरून तरी खरं."

"पण वास नाही ना त्याला. तूच म्हणालीस."

धाकटी पुन्हा साडीची घडी घालू लागली. मामांची पंचाईत झाली. भुकटी म्हणते खरं, नाक म्हणतं खोटं. आणि भुकटीची साक्ष देणार कोण, तर आरोपी स्वतः! डेपोत अशी वेळ आली की ते खिडकी लावून घेत. इथे खिडकीच नव्हती.

मान खाली घालून ते बॅगेकडे पाहत राहिले. दोन साड्यांच्या घडीत एक काचेची बरणी होती, बिनचिठ्ठीची. आत क्रीम. मामांनी झाकण उघडून बोट लावलं. मऊ, एकजीव, पाणी कुठेही सुटलेलं नाही. गुलाब होता, पण घरात आलेल्या पाहुण्यासारखा, घर बळकावलेला नव्हे.

"हे कुणी केलं?"

"मी."

"मेण कुठलं?"

धाकटीनं बरणी त्यांच्या हातातून काढून घेतली. "मामा, तो गड्डा उलटा करू नका," ती हलकेच म्हणाली. "पुरावा आहे तो."

४

एकाच वस्तूबद्दल तिघांनी तीन वेगवेगळी कारणं देऊन एकच सल्ला दिला, की तो सल्ला मोडावा, एवढी अक्कल मामांना डेपोनं दिली होती. ते घोटखोलीत गेले, दार लोटलं, आणि गड्डा उलटा केला.

तो तडकला नाही. पाठ मात्र धरली.

खालची सपाट बाजू पाहून मामा मटकन स्टुलावर बसले. एका कडेला धारदार पातीनं काढलेले लांब पापुद्रे. मधोमध अंगठ्यानं उकरल्यासारखी एक खोबण. आणि शेजारी एक छोटा चौकोनी खड्डा, पट्टी लावून कापावा इतका नेटका.

मामांचा गोंधळ आता कळसाला पोचला. नकली गड्डा करून ठेवणारा चोर त्याला खालून असा कशाला कुरतडेल? उंदीर म्हणावं तर उंदीर पट्टी वापरत नाहीत.

आणि मग त्यांना डेपोतली पाटी आठवली. ती त्यांच्याच अक्षरात खिडकीवर लावलेली होती: 'खूण सांगा, वस्तू न्या.' काळी छत्री सगळ्यांचीच असते. पण जो म्हणेल, तिसरी काडी वाकलेली आणि मुठीला दातांच्या खुणा, छत्री त्याची. वस्तूची खूण तिला ज्याचा हात लागला आहे त्यालाच ठाऊक असते. मग तो मालक असो, नाहीतर आणखी कुणी.

त्यांनी गड्डा पूर्ववत ठेवला आणि तिघांना वेगवेगळं गाठलं. प्रत्येकाला एकच सांगितलं. "खरा गड्डा कुणाकडे तरी निघाला, तर ओळख पटवायला त्याची एखादी खूण हवी. ती मिळाली नाही, तर धाकटी गाडीत बसणार. विचार कर, मी घोटखोलीत आहे."

मग ते स्टुलावर बसून राहिले. याचा त्यांना दांडगा अनुभव होता.

आधी थोरली आली. "मामा, कुणाला सांगायचं नाही हं. खालच्या कडेला पापुद्रे काढलेले असतील. माझ्या टाचांना भेगा पडल्या होत्या हो थंडीत. दुकानात बसायचं क्रीम विकायला आणि टाचा अशा? धाकटी वाईट आहे थोडी, पण चोर नाही. चोर काय, मीच आहे."

ती बाहेर पडली आणि दादा आत आला. "मामा, मधोमध माझा अंगठा आहे. खणाला लावलं मेण. आईला मागितलं असतं, तर म्हणाली असती, चेहऱ्याला लावायची वस्तू लाकडाला लावतोस?"

"बाकीचे घाव दिसले नाहीत तुला?"

"दिसले ना. पण ते दाखवायचे तर मी खाली कशाला डोकावलो, हे सांगावं लागलं असतं."

धाकटी शेवटी आली. तिनं काही न बोलता मुठीतून मेणाची एक चौकोनी वडी काढून टेबलावर ठेवली. "अर्धी वापरली. अर्धी उरली. एकदा स्वतःच्या हातानं करून बघायचं होतं. आई दार लावून घोटतात, मी फटीतून बघायचे. खूण म्हणालात, ही घ्या."

मामांनी गड्डा पुन्हा उलटा केला. वडी खड्ड्याच्या अर्ध्या भागात कडेला कड लागून अशी बसली, की जणू कधी बाहेर आलीच नव्हती.

मामा टेबलाला धरून उभे राहिले. थंडीत, खऱ्या गड्ड्यातून कापलेली वडी या गड्ड्यात बसते. म्हणजे हाच तो गड्डा. तीन चोऱ्या सिद्ध झाल्या, आणि त्यामुळेच चौथी झालेलीच नाही हेही सिद्ध झालं!

पण मग आक्का का म्हणाल्या, की याला वास नाही?

मामांनी रुमाल ओला करून मिशी स्वच्छ धुतली, वाकले आणि पहिल्यांदाच बिनमिशीचा वास घेतला. मध. आणि त्यामागे थोडा धूर.

मग मनात जिथल्या तिथे ठेवून दिलेल्या वस्तू एकेक करून आपणहून खिडकीवर आल्या. बाईंच्या मागे लागलेल्या मधमाश्या. सकाळचा चहा. थंडीतलं पडसं. डेपोत लोक काय काय विसरून गेले होते. पण ही वस्तू आजवर कुणी जमा केली नव्हती.

५

दुपारी सगळे घोटखोलीत जमले. धाकटीची बॅग दाराशी होती. मामा सगळ्यात शेवटी आले. ते शेजारच्या स्वयंपाकघरात काहीतरी करत होते.

"सापडला चोर?" आक्कांनी विचारलं.

"चोर तीन सापडले. चोरी सापडत नाही." मामांनी गड्डा उलटा केला, वडी बसवून दाखवली, तिचा उरलेला अर्धा भाग धाकटीच्या बरणीतल्या क्रीममध्ये गेल्याचं सांगितलं, दादाला खोबणीत अंगठा घालायला लावला. थोरलीनं टाचा साडीखाली ओढून घेतल्या. "हाच तुझा गड्डा, आक्का. बदललेला नाही."

"मग वास कुठे गेला? माझ्या नाकाला शिकवतोस? अरे, या नाकानं मी मेणात मिसळलेली चरबी ओळखलीय. व्यापाऱ्यांच्या नाकी नऊ आणलेत या नाकानं. मला सांगतोस—"

आणि तेव्हा स्वयंपाकघरातून तो वास आला. दूध उतू जाऊन शेगडीवर करपल्याचा, नाकात काटा रुतावा तसा वास.

थोरलीच्या नाकपुड्या हलल्या. दादानं दाराकडे पाहिलं. धाकटी अर्धवट उठली आणि बसली. पण बोललं कुणीच नाही. कारण या घरात आक्कांच्या नाकानं म्हटल्याशिवाय काही करपत नसे.

"—की माझ्या कपाटातलं मेण मला ओळखू येत नाही?" आक्का बोलतच होत्या. "गेली इतकी वर्षं... अरे, असे काय बसलात सगळे?"

दारातून निळसर धूर आत आला. मामा खोकले. आक्कांनी मान वळवली. धूर पाहिला. मग एकेकाचा चेहरा पाहिला. मग पुन्हा धूर.

"काय जळतंय?" त्यांनी विचारलं. त्यांचा आवाज एकदम लहान झाला होता.

"दूध," मामा म्हणाले. "मीच ठेवलं होतं."

धाकटी धावत जाऊन शेगडी बंद करून आली. आक्का स्टुलावर बसल्या.

"मला वाटलं, हल्ली मेणही फिकं येतं आणि गुलाबही भेसळीचा," त्या म्हणाल्या. "म्हणून मी गुलाब जास्त घालत गेले."

"पडशापासून असेल," मामा म्हणाले.

"असेल." मग त्यांनी मान वर केली. "आणि सकाळी? तुम्हाला येत होता वास?"

"मला वाटलं, आई म्हणतात म्हणजे..." थोरली पुटपुटली.

"मला आला होता," दादा म्हणाला. "पण मग मला वाटलं, आला नसेल."

"मलाही आला होता," धाकटी म्हणाली. "पण मी म्हटलं असतं, तर तुम्ही म्हणाला असतात, चोर आपल्या मालाला चांगलंच म्हणणार."

"आणि तू, बाळ?"

"हं," मामा म्हणाले.

आक्का उठल्या. "माझं नाक पडशानं गेलं. तुमची कशानं गेली?"



आक्कांनी धाकटीपुढे हात केला. "ती बरणी आण. बाळ सांगत होता, तू केलंयस म्हणे." त्यांनी क्रीम मनगटाच्या मागे लावलं, डोळे मिटून बोटानं फिरवलं. नाक गेलं होतं, बोटं नव्हती गेली. "पाणी एकदम ओतलंस?"

"धारेनं. तुमच्यासारखं."

"मी तुला कधी शिकवलं?"

"दाराच्या फटीतून."

आक्कांनी खिळ्यावरचं वल्हं काढलं आणि क्षणभर हातात तोललं. "घोटताना मी शेजारी बसणार. तू हुंगायचं आणि मला सांगायचं. आणि खोटं सांगितलंस तर..."

"तर?"

"तर मला कळणार नाही," आक्का म्हणाल्या. "म्हणून खोटं सांगायचं नाही."

धाकटीनं वल्हं घेतलं. दादानं दाराशी ठेवलेली बॅग न विचारता उचलली आणि वर नेली. थोरली करपलेलं पातेलं घासायला गेली. न सांगता गेली, हे त्या घरात नवीन होतं.

"आता सांग," आक्का गड्ड्याकडे बोट करून म्हणाल्या. "कसला वास येतोय?"

धाकटी वाकली. "मधाचा. आणि मागे थोडा धुराचा."

"धूर त्या दुधाचा."

"नाही आई, मेणाचाच. पोळ्यावरच्या माश्या उठवायला पालापाचोळा पेटवतात ना, तो. ओल्या पानांचा."

आक्कांनी डोळे मिटून घेतले.

"हां," त्या म्हणाल्या. "तोच. हे माझंच मेण."

खूण पटली होती. वस्तू मालकाच्या हवाली करताना सही घ्यायची असते, म्हणून मामांनी सवयीनं खिशात पेन चाचपलं. पेन नव्हतं. कुठे ठेवलं, ते त्यांना काही केल्या आठवेना.